लेखणीचे मोल : संगणकावरील बोलीच्या बाजारात लेखनाची कामे कशी मिळवावीत

एकलहरे हे नाव नाशिक जिल्ह्याबाहेर माहीत झाले ते औष्णिक विद्युत केंद्रामुळे. १९७०-७१ च्या सुमारास येथे १४० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले आणि १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे आणखी तीन संच उभे राहिले. या केंद्राने अनेक कुटुंबांना प्रथमच महिन्याच्या ठरावीक तारखेचा पगार, वसाहतीतील घर आणि मुलांना शाळा दिली. जवळच नाशिकरोडचे सिक्युरिटी प्रेस व करन्सी नोट प्रेस, रेल्वे आणि देवळालीची लष्करी छावणी. आपल्या समाजाची एक पिढी याच आधारावर उभी राहिली व तिने आपल्या मुलामुलींना पदवीपर्यंत शिकवले.

आज परिस्थिती बदलली आहे. १४० मेगावॉटचे जुने संच बंद झाले. ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची मागणी अनेक वर्षे होत राहिली. कायम नोकऱ्या कमी झाल्या आणि कंत्राटी कामे वाढली. पदवी हातात असलेला तरुण स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरत वर्षे काढतो. अशा वेळी घरबसल्या संगणकावर लिहून पैसे मिळतात असे तो कोठेतरी ऐकतो. त्या ऐकीव माहितीत खरे किती, खोटे किती आणि त्या मार्गाने जायचे असल्यास कसे जावे, हे विद्यार्थ्यांना व पालकांना समजावे यासाठी प्रस्तुत लेख आहे.

बोलीचा बाजार म्हणजे काय?

इंटरनेटवर अशी काही संकेतस्थळे आहेत की जेथे काम देणारा आपले काम जाहीर करतो आणि ते करू इच्छिणारे त्यावर आपापली बोली लावतात. बोली म्हणजे एक छोटे पत्र असते. हे काम मी कसे करीन, किती दिवसांत करीन आणि किती मोबदला घेईन, हे त्यात लिहायचे असते. काम देणारा त्यातून एकाची निवड करतो. काम, देवाणघेवाण आणि पैसे, सर्व त्या संकेतस्थळामार्फत होते. कोणाच्या नोकरीत न राहता असे सुटे काम करणाऱ्यास इंग्रजीत ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. आपण त्याला मुक्त लेखक किंवा मुक्त व्यावसायिक म्हणू.

या पद्धतीची सुरुवात १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झाली. ‘इलान्स’ हे त्यातील आरंभीचे एक संकेतस्थळ. त्याच्या संस्थापकांत आय. आय. टी. मुंबईचे माजी विद्यार्थी बिरुद शेठ हे होते. २००३ साली ‘ओडेस्क’ निघाले. पुढे या दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि २०१५ पासून त्यांचे ‘अपवर्क’ झाले. २००९ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे ‘फ्रीलान्सर डॉट कॉम’ सुरू झाले. २०१० साली इस्राएलमध्ये निघालेल्या ‘फायव्हर’ची रीत थोडी वेगळी आहे. तेथे प्रामुख्याने काम करणारा आपली सेवा व दर मांडून ठेवतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे येते. भाषांतरकारांसाठी ‘प्रोझ’ हे संकेतस्थळ १९९९ पासून आहे.

या ठिकाणी लेखनाची कितीतरी प्रकारची कामे येतात. संकेतस्थळांसाठी लेख, मालाची वर्णने, कंपन्यांची माहितीपत्रके, यंत्रांच्या वापराच्या पुस्तिका, चित्रफितींच्या संहिता व त्यांखालील मजकूर, भाषांतर, मुद्रितशोधन, संपादन, शैक्षणिक धड्यांचे लेखन ही त्यांपैकी काही होत.

निविदा आणि बोली यांतील फरक

एकलहऱ्याच्या माणसाला टेंडर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. राख वाहतूक असो की रंगकाम, निविदा निघते, अटी पूर्ण करणाऱ्यांत सर्वांत कमी दर भरणारा ‘एल-वन’ ठरतो आणि सामान्यतः काम त्याला मिळते. त्यामुळे या संकेतस्थळांवरही सर्वांत कमी दर लावणाऱ्यालाच काम मिळत असेल, असा आपल्या मुलांचा समज होतो. सगळी गल्लत येथेच होते.

लेखनाच्या बाजारात दोन वेगळे थर आहेत. एका थरात काम देणाऱ्याला केवळ शब्दांची भरती हवी असते. तेथे दर अत्यंत कमी असतात, बोली लावणारे शेकडो असतात आणि काम करूनही हाती काही उरत नाही. दुसऱ्या थरात काम देणाऱ्याला एखादी अडचण सोडवायची असते. त्याची पुस्तिका कामगारांना कळत नाही, त्याचा लेख विषयतज्ज्ञाला पटत नाही, त्याचे भाषांतर वाचून लोक हसतात. अशा माणसाला स्वस्त लेखक नको असतो. काम पुन्हा करून घ्यावे लागणार नाही, एवढीच त्याची अपेक्षा असते. अतिशय कमी दर पाहून तो उलट साशंक होतो. चांगल्या मोबदल्याचे काम या दुसऱ्या थरात आहे आणि तेथे जाण्याची वाट दर पाडून सापडत नाही. ती विषयाच्या जाणकारीतून सापडते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले आणि त्यानंतर यंत्राकडून मजकूर लिहून घेणे कोणालाही शक्य झाले. परिणामी पहिल्या थरातील कामांची मागणी घसरली. ‘सकाळी चालण्याचे दहा फायदे’ असा लेख लिहून घेण्यासाठी आता कोणी चांगले पैसे मोजत नाही. परंतु यंत्राने लिहिलेले खरे आहे की नाही हे तपासणे, त्यातील मराठी सुधारणे, प्रत्यक्ष अनुभवाची माहिती पुरवणे, जबाबदारी घेऊन स्वतःच्या नावाने मजकूर देणे, ही कामे माणसाचीच राहिली आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आपली दिशा यावरून ठरवावी.

आपले भांडवल कोणते?

आपल्या तरुणांना वाटते, ‘मला काय येते?’ हा प्रश्न नीट विचारला तर उत्तर मोठे निघते. ज्या मुलाने आय. टी. आय. किंवा पदविका केली आहे आणि ज्याच्या घरात बॉयलर, टर्बाइन, कोलमिल, फ्लाय अॅश हे शब्द रोज बोलले जातात, त्याला कारखान्यातील सुरक्षितता, यंत्रांची देखभाल, राखेच्या विटा या विषयांवर शहरातील साहित्याच्या पदवीधरापेक्षा अधिक कळते. परिचारिका झालेल्या मुलीला आरोग्यपत्रक कोणत्या शब्दांत लिहिले तर बाईला समजेल हे ठाऊक असते. निफाड-दिंडोरीकडे नातेवाईक असलेल्याला द्राक्षाची छाटणी आणि लासलगावचा कांद्याचा लिलाव पाहून माहीत असतो. ज्याने पाली भाषेचा व धम्मसाहित्याचा अभ्यास केला आहे, त्याच्याजवळ तर जगात थोड्यांकडे असलेली विद्या आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषांच्या यादीत मराठी आणि पाली या दोहोंचा एकाच दिवशी समावेश केला, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा ‘मी कोणत्याही विषयावर लिहितो’ असे म्हणू नये. दोन, फार तर तीन विषय निवडावेत आणि त्यांतच आपली ओळख करावी.

इंग्रजीची भीती हा दुसरा अडसर. परदेशी गिऱ्हाइकाशी इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागतो, हे खरे. पण त्यासाठी अलंकारिक इंग्रजी लागत नाही. छोटी, शुद्ध, नेमकी वाक्ये लागतात. शिवाय इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना कस लागतो तो मराठीचाच. या कामासाठी राज्याच्या भाषा संचालनालयाने केलेले परिभाषा कोश अत्यंत उपयुक्त आहेत आणि ते इंटरनेटवर पाहता येतात.

ओळखपत्रक आणि नमुने

खाते उघडल्यावर प्रत्येकाला स्वतःची माहिती देणारे पान मिळते, त्यास ‘प्रोफाइल’ म्हणतात. त्यात ‘कष्टाळू, प्रामाणिक, होतकरू’ असे गुण लिहून उपयोग होत नाही, कारण ते सर्वच जण लिहितात. पहिल्या दोन ओळींत काम सांगावे. उदाहरणार्थ, ‘औद्योगिक सुरक्षिततेच्या इंग्रजी पुस्तिका कामगारांना समजतील अशा मराठीत करून देतो. वीजनिर्मितीतील शिक्षण व प्रत्यक्ष परिचय.’ एवढे पुरेसे आहे.

पूर्वीचे काम नसेल तर नमुने कोठून आणावेत? ते स्वतः तयार करावेत. आपल्या विषयावरचे सातशे-आठशे शब्दांचे तीन उत्तम लेख किंवा भाषांतरे करून ठेवावीत. एखाद्या जाणकाराकडून ती तपासून घ्यावीत. हे सराव म्हणून केलेले काम आहे असे प्रामाणिकपणे नमूद करावे. दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून दाखवू नये. चोरी पकडणारी साधने आज काम देणाऱ्याकडे असतात आणि एकदा नाव खराब झाले की ते पुसता येत नाही.

बोलीचे पत्र

समजा, एका कंपनीने काम जाहीर केले आहे : बॉयलरजवळ काम करणाऱ्यांसाठी असलेली ४००० शब्दांची इंग्रजी पुस्तिका मराठीत करावयाची आहे. त्यावर बहुतेक जण असे लिहितात :

‘महोदय, मी आपली जाहिरात वाचली. मला या कामात फार रस आहे. मी कष्टाळू आहे. कृपया मला एक संधी द्यावी. मी सर्वांत कमी दरात करीन.’

या पत्रात त्या पुस्तिकेविषयी एक अक्षर नाही. तेच पत्र कोणत्याही कामाला चिकटवता येईल आणि वाचणाऱ्याला ते एका नजरेत कळते. आता दुसरे पत्र पाहा :

‘ही पुस्तिका कामगारांच्या हातात जाणार असल्याने व्हॉल्व्ह, कन्व्हेअर, कोलमिल हे शब्द मी तसेच ठेवीन, कारण कामाच्या जागी तेच बोलले जातात. सूचना मात्र लहान आज्ञार्थी वाक्यांत देईन. पुस्तिका भिंतीवर लावायची आहे की प्रशिक्षणात वाचून दाखवायची आहे, हे कळल्यास वाक्यांची लांबी ठरवता येईल. याच विषयावरील माझ्या भाषांतराचा नमुना सोबत आहे. काम आठ दिवसांत देईन, पैकी शेवटचे दोन दिवस तपासणीसाठी. मोबदला ११५ डॉलर.’

या पत्रात विनवणी नाही. काम समजल्याचा पुरावा, एक उपयुक्त प्रश्न, नमुना, मुदत आणि दर एवढेच आहे. चांगली बोली अशीच असते. असे पत्र लिहायला अर्धा तास लागतो, म्हणून दिवसाला पंचवीस बोली लावण्यापेक्षा दोनच विचारपूर्वक लावाव्यात. शिवाय बोली फुकट नसते. अपवर्कवर त्यासाठी ‘कनेक्ट’ नावाची टोकने खर्च होतात. एकाची किंमत १५ सेंट असून एका बोलीला बहुधा अनेक लागतात.

बोली लावण्यापूर्वी काम देणाऱ्याची पूर्वपीठिका पाहावी. त्याने पूर्वी किती जणांना काम दिले, किती पैसे दिले, काम करणाऱ्यांनी त्याच्याविषयी काय अभिप्राय दिला, ही माहिती पुष्कळदा तेथेच असते. पैसे देण्याची पद्धत पडताळलेली नसेल आणि कामाचे वर्णन मोघम असेल तर पुढे जाऊ नये.

दर कसा ठरवावा?

वरील पत्रातील ११५ डॉलर हा आकडा कोठून आला, ते पाहू. दर अंदाजाने ठरवू नये. त्याचा हिशेब असतो.

समजा, महिन्याला ३०,००० रुपये हाती पडावेत अशी अपेक्षा आहे. इंटरनेट, वीज, संगणकाची झीज, आजारपण आणि काम नसलेले दिवस यांसाठी आणखी १०,००० धरा. एकूण ४०,००० झाले. महिन्याचे २५ दिवस काम केले तरी रोजचे सगळे तास पैशाचे नसतात. बोली लावणे, पत्रव्यवहार, वाचन यांत वेळ जातो. मोबदला मिळणारे तास रोज ४ धरले तर महिन्याचे १०० होतात. ४०,००० भागिले १०० म्हणजे ताशी ४०० रुपये हा आपला दर झाला.

४००० शब्दांच्या भाषांतरास तासाला २५० शब्द या वेगाने १६ तास आणि तपासणीस ६ तास, एकूण २२ तास लागतील. २२ गुणिले ४०० म्हणजे ८,८०० रुपये. संकेतस्थळाचा आकार १० टक्के धरला तर ८,८०० हाती येण्यासाठी सुमारे ९,८०० रुपयांची बोली हवी. हिशेबापुरता डॉलर ८५ रुपयांचा धरल्यास हे ११५ डॉलर होतात.

आता उलट बाजू पाहा. ५०० शब्दांचा लेख १०० रुपयांत मागणारे पुष्कळ आहेत. वाचन, लेखन व दुरुस्ती मिळून त्याला ५ तास लागले तर तासाला २० रुपये पडले. त्यापेक्षा मजूर अड्ड्यावरची हजेरी अधिक असते. हा हिशेब न केल्यामुळे मुले रात्र रात्र जागतात आणि महिनाअखेरीस निराश होतात.

नवख्याने दर थोडा कमी ठेवावा का? याला चांगला पर्याय असा की, पहिले काम स्वस्त न घेता लहान घ्यावे. पाचशे शब्दांचे काम योग्य दराने उत्तम करावे. त्यावर मिळालेला चांगला अभिप्राय पुढच्या मोठ्या कामाचे दार उघडतो. स्वस्त दराने सुरुवात केल्यास पुढचे गिऱ्हाईकही तोच दर मागते.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही

आपल्या समाजाच्या इतिहासात श्रमाचे मोल कोणी ठरवले, याचा येथे विचार करणे अगत्याचे आहे. वतनाच्या पद्धतीत काम कोणते, किती तास, रात्री की दिवसा, हे सर्व गाव आणि सरकार ठरवीत असे. घरातील कोणालाही राबावे लागे आणि मोबदला म्हणून बलुते व इनामाचा तुकडा मिळे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनविषयक विधेयक मांडले ते या वेठीविरुद्ध. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने नष्ट झाली.

स्वतंत्र व्यवसायाचा अनुभव बाबासाहेबांनाही आला होता. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईस आले आणि त्यानंतर शेअरबाजाराच्या व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा सल्लागार होता. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. विद्वत्ता कमी पडली नव्हती, जात आड आली होती.

आज हजारो मैलांवरचे गिऱ्हाईक आपले काम पाहून आपल्याला निवडू शकते. त्याला आपली आळी विचारायचे कारण नसते. या बाजारात भेदभाव मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. भारतीय म्हणून कमी दर देऊ पाहणारे परदेशी असतात आणि आडनाव पाहणारे स्वदेशीही असतात. तरीही आपल्या कामाची किंमत प्रथम आपण सांगायची, ही संधी मोठी आहे. मागील पिढ्यांना न मिळालेला हा अधिकार कमी दराची चढाओढ करून वाया घालवणे बरोबर नाही.

पैसा हाती कसा येतो?

ठरावीक मोबदल्याच्या कामात काम देणाऱ्याने रक्कम आधी संकेतस्थळाकडे अनामत ठेवायची असते. ती ठेवली गेली आहे याची खात्री झाल्याशिवाय काम सुरू करू नये. मोठे काम टप्प्याटप्प्यांत विभागून घ्यावे. अपवर्कवर काम सादर केल्यावर ते पाहण्यासाठी गिऱ्हाइकाला १४ दिवस मिळतात. त्याने काहीच न कळवल्यास रक्कम आपोआप मोकळी होते. ताशी कामात संगणकावर वेळ मोजणारी प्रणाली चालू ठेवावी लागते आणि ती पडद्याची छायाचित्रे घेते, हे माहीत असावे.

संकेतस्थळे आपला आकार कापून घेतात. फायव्हर २० टक्के घेते. फ्रीलान्सर डॉट कॉम ठरावीक मोबदल्याच्या कामावर १० टक्के किंवा ५ डॉलर यांपैकी जी जास्त असेल ती रक्कम घेते. अपवर्कवर २०२३ पासून सरसकट १० टक्के होते आणि मे २०२५ पासून नव्या करारांवर कामाप्रमाणे ० ते १५ टक्के झाले. हे नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक वेळी वाचून घ्यावेत.

पॅन कार्ड, ओळखीचा पुरावा आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते तयार ठेवावे. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची नोंद व बँकेचा दाखला जपून ठेवावा. हे उत्पन्न करपात्र आहे आणि त्याचे विवरणपत्र भरावे लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्यास सर्वसाधारणपणे जी. एस. टी. नोंदणी लागत नाही. शंका असल्यास सनदी लेखापालास विचारावे.

फसवणुकीपासून सावध

लेखनाच्या कामाच्या नावाखाली होणारी फसवणूक आपल्या वस्त्यांमध्ये पुष्कळ पोचली आहे. तिचे प्रकार पुढीलप्रमाणे :

१) नोंदणी फी किंवा अनामत मागणे. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. हा एक नियम पाळला तरी निम्मे संकट टळते.

२) ‘फॉर्म भरा’, ‘पाने टंकलिखित करा’ अशी कामे देऊन शेवटी ‘चुका आढळल्या, करारभंग झाला’ असे सांगत वकिलाच्या नोटिशीची भीती घालणे आणि दंड उकळणे. अशा धमकीला घाबरून पैसे भरू नयेत.

३) टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपवर बोलावून प्रथम थोडे पैसे देणे, मग मोठी रक्कम भरायला लावणे.

४) ‘तुमचे खाते आम्हाला भाड्याने द्या’ असे आमिष. आपल्या नावावर दुसरा काय करील याचा भरवसा नाही आणि हे नियमाविरुद्धही आहे.

५) ‘आधी पूर्ण लेख फुकट लिहून दाखवा’ अशी मागणी. नमुने दाखवावेत, काम फुकट देऊ नये.

फसवणूक झाल्यास लाजून गप्प बसू नये. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, त्यावर तत्काळ कळवावे. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे वर्षही १९३० च असल्याने नाशिककरांना हा आकडा वेगळा पाठ करावा लागणार नाही.

सम्यक आजीव

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीव हे एक अंग आहे. उपजीविका अशी असावी की तिने दुसऱ्याचे अहित होऊ नये. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे भगवंतांनी सांगितले. लेखनातही विषाचा व्यापार असतो. दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध पैसे घेऊन लिहून देणे, न वापरलेल्या मालाची खोटी स्तुती करणे, औषधांविषयी खोटे दावे लिहिणे, द्वेष पसरवणारा मजकूर तयार करणे, या कामांना कधी कधी चांगला दर मिळतो. तरी ती घेऊ नयेत. विशेषतः प्रबंध लिहून देण्याच्या कामाला होतकरू विद्यार्थी लवकर बळी पडतात. ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढा संघर्ष केला, त्याच्या मुलांनी दुसऱ्याची पदवी विकत मिळवून देण्यास हातभार लावू नये.

गृहस्थाच्या अर्थव्यवहाराविषयी बुद्धांनी केलेला उपदेश या व्यवसायाला चपखल लागू पडतो. कोलिय कुळातील दीघजाणू या गृहस्थाला त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठान, म्हणजे उद्योग आणि कामातील कौशल्य. दुसरी आरक्ख, म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण. तिसरी कल्याणमित्रता. चौथी समजीविता, म्हणजे आयव्यय पाहून बेताने जगणे. सिगालाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग करावेत असे आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक संकटकाळासाठी. प्रत्येक घराला हे प्रमाण जसेच्या तसे जमेल असे नाही. परंतु ज्याचे उत्पन्न एका महिन्यात येते व दुसऱ्या महिन्यात येत नाही, त्याने तरी आलेला सर्व पैसा खर्च करू नये.

मर्यादा आणि आपले कर्तव्य

या कामात भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, ते १९४६ च्या कायद्याने, त्यांच्याच प्रयत्नांतून. घरी बसून काम करणाऱ्याच्या मदतीला तो कायदा येत नाही. त्याने आपले तास आपणच ठरवले पाहिजेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ ही संज्ञा प्रथमच कायद्यात आली, ही त्या दिशेची सुरुवात आहे.

म्हणून हातातील नोकरी सोडून कोणी या मागे लागू नये. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, शिक्षण किंवा नोकरी सांभाळून रोज दोन तास द्यावेत. पहिले काम मिळण्यास काही आठवडे, प्रसंगी काही महिने लागतात. घर सांभाळणाऱ्या सुशिक्षित भगिनींनाही हे काम सोयीचे आहे. मात्र त्या दोन तासांत त्यांना कोणी हाक मारणार नाही, एवढी काळजी घरच्यांनी घेतली पाहिजे.

संस्थेने यात मोठा वाटा उचलावा असे सुचवावेसे वाटते. विहाराच्या अभ्यासिकेत दोन संगणक व इंटरनेट जोडणी असावी. आठवड्यातून एकदा मुलांनी एकत्र बसून परस्परांचे नमुने व बोलीची पत्रे तपासावीत. ज्याला इंग्रजी बरे येते त्याने इंग्रजी पाहावे, ज्याचे मराठी चांगले त्याने मराठी. विद्युत केंद्रातून निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी यंत्रांविषयीची माहिती तपासून द्यावी. दुसऱ्याची चूक प्रेमाने दाखवणे ही कल्याणमित्रताच होय. एकाला मोठे काम मिळाले तर त्याने संपादनाचे काम दुसऱ्याला मिळवून द्यावे.

ज्याला सुरुवात करावयाची आहे त्याने पहिल्या महिन्यात दोन विषय निवडून तीन नमुने तयार करावेत. दुसऱ्या महिन्यात एकाच संकेतस्थळावर खाते उघडून, तेथील नियम वाचून, आपला ताशी दर हिशेबाने काढावा. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्याला पाच-सहा विचारपूर्वक बोली लावाव्यात आणि नाकारलेली प्रत्येक बोली पुन्हा वाचून पाहावी.

नाशिकच्या मातीने लेखणीचे धनी पूर्वीही दिले आहेत. आपल्याजवळच्या विहितगावात जन्मलेले बाबूराव बागूल आणि सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांच्याजवळ साधने कोणती होती? अनुभव होता, आणि तो आपल्या शब्दांत मांडण्याची निष्ठा होती. आजच्या तरुणाजवळ याच्या जोडीला संगणक आहे आणि जगभरचे वाचक आहेत. त्याने आपल्या लेखणीचे मोल हिशेबाने ठरवावे, ते निःसंकोचपणे सांगावे आणि त्या मोलाला साजेसे काम करून द्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!